सहाची शेपटी

परवा आमच्या घरात फुटबॉल चालू होता. म्हणजे टीव्हीवर. आखातातले हे शेजारी शेजारी देश अधूनमधून आपापसांत खेळतात ना, ती स्पर्धा. नातीच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, पिझ्झा मागवला होता आणि सोफ्यावर नुसत्या उड्या. मी आपली कोपऱ्यात मेथी निवडत बसले होते. मध्येच नात म्हणाली, "आजी, डिड आजोबा लाइक फुटबॉल?"

लाइक! मी म्हटलं, "अगं, तुझे आजोबा कोल्हापूरचे."

"सो?"

आता ह्या 'सो'ला काय सांगायचं? शारजात जन्मलेली पोर ती. मग मी सांगत बसले. कोल्हापुरात तालमीतालमीचा फुटबॉल संघ असतो, मॅचच्या दिवशी अर्धं गाव ग्राउंडवर असतं, आणि हरलेल्या पेठेत त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नाही. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या भावानं ह्यांना पगार नाही विचारला. विचारलं काय, तर कुठल्या जागेवर खेळता? हे म्हणाले, "लेफ्ट आउट." भाऊ आत येऊन आईला म्हणाला, "मुलगा चांगला आहे."

पोरी खूप हसल्या. मीही हसले. पण एक गोष्ट सांगायची ठेवली. ती मी चाळीसहून जास्त वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. मेथी निवडून संपली तरी ताट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

ती आता लिहिते. लिहिणं काही शिकलेलं नाही मी, शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं मासिकं वाचून, दुकानांच्या पाट्या वाचून, ह्याला त्याला विचारून. तेव्हा बोलते तशीच लिहिणार.

मी इथे आले तेव्हा अमिरातींचा हा देश दहाएक वर्षांचा होता आणि माझा मुलगा दीड वर्षाचा. हे एसीच्या कंपनीत फिटर. शारजाच्या रोल्ला भागात एका जुन्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली आणि किचन. समोरच्या दारात रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब. तो गृहस्थ एका अरबाबाकडे, म्हणजे अरब मालकाकडे, ड्रायव्हर होता. मी त्याला भाऊ म्हणायची, त्याच्या बायकोला भाभी. तो मला वहिनी म्हणे. आणि हे त्याला म्हणायचे 'पाव्हणं'. आमच्याकडे दिसेल त्याला पाव्हणंच म्हणतात, पण ह्याला ते वेगळ्याच मायेनं म्हणायचे. तो ह्यांना नावानं कधी हाक मारत नसे, नुसतं 'कोल्हापूरकर'.

दर शुक्रवारी सकाळी दोघं मागच्या मोकळ्या मैदानात बॉल घेऊन जायचे. चपलांचे गोलपोस्ट. पाव्हणं गोलकीपर, पोट हे एवढं, आणि हे आपले डाव्या बाजूनं पळतायत. घामाघूम होऊन यायचे आणि जिन्यातच भांडण सुरू.

"तो गोल नव्हता, बॉल चपलेवरून गेला."

"पाव्हणं, चप्पल तुमची, पाय तुमचा, गोल माझा!"

भाभी आणि मी दारात उभ्या राहून हसायचो. परक्या मुलखात ह्यांना दुसरा मित्र नव्हता. ऑफिसात सगळे हिंदीत बोलायचे, तेही कामापुरतं. फुटबॉलवर भांडायला एकच माणूस, तो समोरच्या दारात. हे नीट लक्षात घ्या, कारण माझ्या हातून जे गेलं ते हेच.

त्याच वर्षी ही शेजारी देशांची स्पर्धा इथे, अबुधाबीला भरणार असं ठरलं. स्पर्धा तेव्हा तशी नवीच होती. गल्लीबोळात झेंडे, मोटारींना झेंडे, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा फुटबॉल. ह्यांची झोप उडाली. देशादेशांची मॅच जन्मात बघितली नव्हती त्यांनी. रोज समोर जाऊन विचारायचे, "पाव्हणं, अरबाबाला विचारलंत काय?" आणि तो म्हणायचा, "इन्शाल्ला, कोल्हापूरकर, इन्शाल्ला." हे चिडून म्हणायचे, "तुमच्या इन्शाल्लावर आमचा कंपनीचा एसी पण चालू होत नाही."

आणि मिळाले की हो! अरबाबानं दोन पास दिले. एका गुरुवारी संध्याकाळी भाऊ आमच्या दारात आला. हे ओव्हरटाइमला होते. त्यानं पास माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वहिनी, मी उद्या सकाळीच अरबाबाबरोबर अबुधाबीला जातोय. कोल्हापूरकराला सांगा, पासावर सगळा लिवलेला हाय. मी गेटाजवळ उभा राहतो. तो आल्याशिवाय आत जायचा नाय."

वेळ त्यानं सांगितली नाही. मीही विचारली नाही. का विचारीन? मला वाचता येत होतं ना!

आता हे वाचता येणं काय होतं ते सांगते. खालच्या मलबारी किराणावाल्यानं मला एकदा सांगितलं होतं, "भाभी, ये अरबी लोग अपने नंबर को हिंदी नंबर बोलता है." मला काय आनंद झाला! हिंदी नंबर म्हणजे आपलेच की. मग मी मोटारींच्या पाट्यांवरून, दुकानातल्या भावांच्या चिठ्ठ्यांवरून जुळवत सुटले. त्यांचा एक आपल्या एकासारखा. नऊ तर थेट आपला. पाचाला मात्र ते शून्य काढतात, हे अंड्यांच्या दुकानात एकदा फजिती होऊन कळलं. बाकीचे मी दिसण्यावरून धरून चालले. तीन महिन्यांत एकटीनं बाजार करायला लागले. हे कौतुकानं आणि जरा चिडवून म्हणायचे, "आमच्या प्रोफेसरबाई!" त्यातलं कौतुक मी घ्यायची आणि चिडवणं मनात ठेवायची.

पास सगळा अरबीत. खाली वेळ हातानं लिहिलेली. एक आकडा, पुढे दोन टिंबं, म्हणजे त्यांची शून्यं. आकडा असा: ٤. तुम्हीच सांगा, मराठी शाळेत शिकलेल्या बाईनं ह्याला काय म्हणावं? आमच्या गुरुजींनी पाटीवर काढलेला सहा. थोडी शेपटी तोकडी, एवढंच.

हे घरी आले, हात न धुताच पास दिव्याजवळ धरला. "सहाच ना गं?"

"सहाच. आपल्या शाळेतला सहा."

"जरा उशिराचीच ठेवलीय म्हणायची. पाव्हण्याला विचारून येऊ काय?"

मी म्हटलं, "काय विचारायचंय? मला वाचता येतंय म्हटलं ना! तो बिचारा पहाटे उठणार आहे, झोपला असेल."

दार समोरच होतं. पॅसेज ओलांडून ठोठावलं असतं की झालं. मला तेव्हा ते दार ठोठावणं म्हणजे माझ्या वाचण्यावर अविश्वास वाटला. हे थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं, प्रोफेसरबाई. सहा."

शुक्रवारी दुपारी ह्यांनी बुटांना पॉलिश केलं. शर्टाच्या आत तालमीची जुनी जर्सी घातली, विटकी, काखेत उसवलेली. मी म्हटलं, "आतून कुणाला दिसणार आहे?" म्हणाले, "मला माहीत असलं म्हणजे झालं." शेअर टॅक्सीनं अडीचच्या सुमाराला निघाले. पाचपर्यंत पोचतो, तासभर आधी बरं, म्हणाले.

साडेतीनला मी पोराला घेऊन खुब्झ, म्हणजे इथली रोटी, आणायला खाली उतरले. त्या रोटीवाल्याकडे भिंतीवर एक गोल घड्याळ होतं, अरबी आकड्यांचं. आधीही दहादा बघितलं होतं, पण काट्यांवरून वेळ कळते हो, आकडे कोण वाचतं? त्या दिवशी माझ्या डोक्यात सहा घोळत होता म्हणून मी घड्याळात सहा शोधला. सहाच्या जागी, एकदम खाली, कुठलाच ओळखीचा सहा नव्हता. तिथे वेगळाच आकडा. आणि माझा सहा, गुरुजींचा सहा, चाराच्या जागी बसला होता. तीनच्या खाली. मोठा काटा खाली टेकलेला आणि छोटा त्या चाराकडे सरकतोय.

रोटीवाला म्हणत होता, "कितना? कितना?" मला ऐकूच येईना.

फोन कुठे होता तेव्हा? हे कुठल्या टॅक्सीत, कुठल्या रस्त्यावर, काय माहीत! मी घरी आले, खुब्झ तशीच टेबलावर ठेवली आणि ठरवलं की आले की सांगायचं. पाया पडून सांगायचं, माझं चुकलं.

दिवेलागण होऊन गेल्यावर हे आले. दारातच बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. म्हणाले, "पाचनंतर पोचलो. सगळी गर्दी आत. गेटवरचा पोलीस म्हणतो, खलास, खलास. पास दाखवला तरी सोडेना. पाव्हणं कुठं दिसेना." मग म्हणाले, "एक गोल झाला मी बाहेर असताना. नुसता आवाज ऐकला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. भिंतीला हात लावला तर भिंत हलत होती."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "पाव्हण्यानं तुला तोंडी वेळ किती सांगितली होती?"

आणि मी म्हटलं, "सहा."

का म्हटलं? हे मारकुटे नव्हते, ओरडलेसुद्धा नसते कदाचित. हसले असते. 'चौथी पास प्रोफेसरबाई' म्हणाले असते, आणि सगळ्या बिल्डिंगला सांगितलं असतं. मला ते हसणं नको होतं. एवढ्याचसाठी. आज लिहितानासुद्धा लाज वाटते की कारण एवढंसं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ परत आला. पॅसेजमधूनच ओरडला, "काय कोल्हापूरकर! कुठं मेला होतास? अर्धी मॅच गेटवर काढली मी! तो पोलीस मला यल्ला यल्ला, चल आत, करून थकला."

हे दारात गेले. आवाज थंड. "आम्ही तुम्ही सांगितलेल्या वेळेला आलो, पाव्हणं. सहाच्या."

"मी सांगितलेल्या?"

"मग? घरात येऊन सहा सांगितलं नाहीत?"

मी ह्यांच्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. भाऊ ह्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिला. चहावर साय धरायला लागली. मी मान खाली घातली. त्याला सगळं कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं.

तो म्हणाला, "हां हां. सहा बोललो असेन बाबा. अरबाबाच्या गडबडीत डोका जागेवर नव्हता. चूक झाली माझी. पुढच्या मॅचला..."

"पुढची मॅच तुम्हीच बघा," हे म्हणाले. "आत बसून." आणि दार लावून घेतलं. चहा मी मोरीत ओतला.

मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. पुरुषांची भांडणं ती. पण ह्यांचा स्वभाव असा की एकदा मन उठलं की उठलं. शुक्रवारचा बॉल बंद झाला. 'पाव्हणं'चं 'ते समोरचे' झालं. भाभीनं वाटीतून काही पाठवलं की हे खायचे नाहीत, मी एकटीच खायची. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळी हे दमून यायचे आणि मी म्हणायची, उद्या. आठेक महिन्यांनी अरबाबानं त्या कुटुंबाला अल ऐनला हलवलं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा भाऊ माझ्याशी दोन शब्द बोलला, "येतो वहिनी. कोल्हापूरकराला सांगा." कोल्हापूरकर आत पेपर उघडून बसले होते. पान उलटल्याचासुद्धा आवाज नव्हता.

त्यानंतर ह्यांनी कधी कुणाबरोबर बॉलला पाय लावला नाही.

मुलगा तिसरीत असताना मी त्याला घरी मराठी आकडे शिकवायची. एकदा हे बाजूला बसून बघत होते, आणि म्हणाले, "सहाची शेपटी नीट काढ रे. नाहीतर आरबी चार होईल." वर बघितलं तर हे वहीकडेच बघत होते. मी मनाची समजूत घातली, इतकी वर्षं इथे काढली, आकडे कळणारच ना! पासाचं कुठे आठवत असेल त्यांना?

आणि दर थंडीत एकदा तरी म्हणायचे, "अल ऐनला जाऊन येऊया काय? बागा बघू." मी म्हणायची, गुडघे दुखतात. मी म्हणायची, पोराची परीक्षा आहे. एकदा तर गाडी निघाल्यावर मला उलटीसारखं होतंय म्हणून परत फिरवली. तिथे गेलं की ते कुटुंब भेटणार, विषय निघणार, माझं पितळ उघडं पडणार. हे दर वेळी म्हणायचे, "बरं. तुला वाटेल तेव्हा."

तीन वर्षांपूर्वी हे गेले. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, "अल ऐन राहिलंच बघ." मी म्हटलं, बरे व्हा, मग जाऊ.

तर त्या फुटबॉलच्या संध्याकाळनंतर मी नातीला म्हटलं, मला अल ऐनला घेऊन चल. रोल्लातल्या जुन्या कापडवाल्याकडून भाभीच्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा तिथेच नोकरी करतो, आईवडील त्याच्यापाशी. नात गाडी चालवताना म्हणाली, "आजी, यू आर सो क्वाएट टुडे." मी म्हटलं, "मॅच आहे माझी."

भाऊ अंगणात खुर्चीवर बसला होता. पोट गेलंय, काठी आलीय. मला बघून म्हणाला, "या वहिनी. फार वर्षं लावलीत." भाभीनं मला मिठी मारली, आणि सोडेचना.

मी बसायच्या आधीच बोलले. बसले असते तर पुन्हा उद्यावर गेलं असतं. "भाऊ, तुम्ही मला वेळ सांगितलीच नव्हती. मी चाराला सहा वाचलं, आणि खोटं तुमच्यावर टाकलं."

तो म्हणाला, "ठाऊक हाय की."

"तुम्हाला ठाऊक आहे ते मला माहीत आहे. ह्यांना मात्र..."

"कोल्हापूरकरालापण ठाऊक होता."

मी खुर्चीचा हात धरला.

"आला होता हितं," भाऊ म्हणाला. "तुमचा मुलगा लहान होता. कंपनीच्या कामाला आला होता, आणि विचारत विचारत घरी आला. चहा घेतला. मग सिगारेटचा पाकीट फाडून माझ्यापुढं ठेवला, म्हणाला, पाव्हणं, आरबी चार कसा काढतात दाखवा. मी काढला. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, आमच्या सहाची शेपटी जरा लांब, बाकी तोच की हो."

"मग?"

"मी बोललो, आता खलास कर, वहिनीला फोन लाव, हसू आपण सगळी. तो बोलला, नको. तिचं तिला सांगू दे. मी विषय काढला तर तिला वाटेल, पकडली. तिनं सांगितलं की दोघं येतो. जेवायलाच येतो."

भाभी मध्येच म्हणाली, "दर थंडीत मला विचारायचे हे, कोल्हापूरकराचा फोन आला काय?"

खरं सांगते, मला आधी राग आला. ह्यांचा. सगळं माहीत असून तीसएक थंड्या ह्या माणसानं नुसतं 'जाऊया काय' म्हणून काढल्या! एकदा म्हणायचं होतं, गाढवे, तो चार होता. मी रडले असते आणि सुटले असते. सुटलो असतो सगळेच. मग आठवलं, उलटीचं निमित्त करून गाडी परत फिरवली तेव्हा हे वाटेत एका टपरीवर थांबले होते, मला लिंबूपाणी आणून दिलं, आणि म्हणाले होते, "आता बरं वाटतंय? काही सांगायचंय काय?" मी म्हटलं होतं, "नाही. काही नाही."

नात काही न कळून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. भाभीनं खजुराची बशी पुढे केली. भाऊ म्हणाला, "एक राहिलंच. त्या दिवशी शेवटी मी आत गेलो ना, तेव्हा गोल झाला तो मी बघितला. कोल्हापूरकर बाहेर भिंतीला हात लावून उभा होता म्हणे. हितं आला तेव्हा मी बोललो, गोल सांगू? तो बोलला, आत्ता नको. दोघं आलो की सांगा, तिच्यादेखत ऐकतो."

मी म्हटलं, "सांगा मला."

"तुम्हाला काय कळणार वहिनी त्यातला?"

"काही नाही कळणार. सांगा."

त्यानं बशीतल्या खजुराच्या बिया उचलल्या. टेबलावर मांडल्या. ही आपली माणसं, ही त्यांची. साखरेचा चमचा आडवा ठेवला, तो गोल. "आता बघा," म्हणाला, "डावीकडून एकटा सुटला. लेफ्ट आउट."

आणि एक बी बोटानं ढकलत ढकलत तो टेबलाच्या डाव्या कडेनं निघाला. मी डोळे पुसले आणि त्या बीवर नजर ठेवली.